शहाणी नव्हती म्हणून

चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात
डॉक्टरांची अक्षरं लावत आले,
म्हणून वाटलं होतं, हेही जमेल.
मिक्केलीच्या दप्तरखान्यात हा तिसरा आठवडा,
आणि सतराशे अडतीसचा कारकून
अजून मला पुरता दाद देत नाही.

चर्चच्या वहीत ती तीनदाच येते:
जन्मली. लग्न झालं. पुरली.
मधे कोरा कागद.

मग हे न्यायसभेचं पुस्तक.
हिवाळी बैठक, कुणा बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्याच्या
चुलीपुढच्या खोलीत.
बाकावर बारा पंच, ओल्या लोकरीचा वास
(वास माझ्या पदरचा; मूळ प्रतीला नुसती धूळ).
न्यायाधीश स्वीडिश, वही स्वीडिश,
कारकुनानं तिचं नावसुद्धा उलथून घेतलं,
वाल्पुरीची वालबोर्ग केली.

शेजारी ताहवो सांगतो:
हिनं पहाटे माझी गाय पिळली,
हटकलं तर भर अंगणात मला शिवी हासडली.
ती जे जे बोलली
ते कारकून साहेबाच्या भाषेत उतरवतो,
इस्त्री मारल्यासारखं.
एका शब्दापाशी मात्र लेखणी थबकते.
शिवीचं भाषांतर करून दंड कसा ठोठावणार?
म्हणून तो शब्द तसाच ठेवलाय, फिनिश,
खाली एक रेघ ओढून:

हराक्का.

काळापांढरा, लांब शेपटीचा,
चकाकेल ते उचलणारा कलकल्या पक्षी.
बटणांच्या डब्यात मी हात घातला
की आई मला हेच म्हणायची.
मी मोठ्यानं हसले.
समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
माझ्या वंशात शहाणे पुष्कळ.
कर भरला, टोपी काढली, वाट दिली,
त्यांचं काहीएक नाही माझ्याकडे.
ही तेवढी शहाणी नव्हती.
दंड तीन चांदीचे दालर,
आणि तेवढ्यात मला मिळाली
माझ्या पणजीच्या पणजीची आजी,
कमरेवर हात, दुधाचं भांडं अजून कोमट.

इथं थांबले असते तर
घरी जाऊन केक भाजला असता.

पुढच्या वर्षाची पानं कशाला उलटली मी?

शरदातली बैठक. ती पुन्हा, या खेपेला साक्षीदार.
ताहवोच्या घरची मोलकरीण, प्रीता, वय अठरा.
एक चांदीचा चमचा.
वाल्पुरी शपथेवर सांगते,
मी पाहिला, हिच्या घागऱ्याच्या खिशात.
मुलगी म्हणते, नाही.
वहीत एकदाच म्हणते.
मग भूर्जाच्या फोकाचे फटके, रविवारी,
सगळ्या गावादेखत.
चमचा पुढं सापडला का,
ते लिहायचं कारकुनाला सुचलं नाही.

काय पाहिलं होतंस गं?
ज्यानं तुला कोर्टात खेचलं
त्याच्याच बाजूनं उभी राहिलीस.
दंड फिटायचा राहिला होता?
की खरंच होता चमचा?
मी भिंग लावून पाहते.
अक्षर आता छान लागतं,
नको तिथं लागतं.

घरी जेवणाच्या टेबलावर वंशावळ पसरलीय.
प्रीता कुठल्याच फांदीला लागत नाही.
चर्चच्या वहीत शोधली:
त्या हिवाळ्यात गाव सोडलं. कुठं, ते नाही.
तिला शोधायला कोण येणार,
तिच्यामागं कुणी उरलं की नाही तेही ठाऊक नाही.
मी कोपऱ्यात पेन्सिलीनं तिचं नाव लिहिलं,
खोडलं, पुन्हा लिहिलं.

नातू ओन्नी खीर खाता खाता वाकून बघतो.
ही आपली कोण?
मी म्हटलं, कुणी नाही.
मग म्हटलं,
हिचं आपण देणं लागतो.

त्यानं चमचा चाटला.
म्हणाला, किती?